स्वागतगीतवाले सर

नवे तहसीलदार बदलून आले की आमच्या स्टाफरूममध्ये पहिला प्रश्न निघायचा, साहेब कसे आहेत? कुणी म्हणे कडक आहेत, कुणी म्हणे नाशिककडचे आहेत, कळायला वेळ लागेल. संगीताचे सर तेव्हा खिडकीशी उभे असायचे. ते वळून विचारायचे, "अक्षरं किती?"

नव्या माणसाला प्रश्न कळत नसे. मग सर समजावून सांगत, "नावात हो. आडनाव धरून किती अक्षरं हायेत?"

सुटसुटीत नाव निघालं की सरांचा चेहरा खुलायचा. पाटबंधारे खात्यात एक उपअभियंता आला होता, त्याच्या आडनावात तीन जोडाक्षरं होती. सरांनी त्या भल्या माणसाला वर्षभर माफ केलं नाही. "माणूस चांगला हाय," म्हणायचे, "पण चालीत बसत न्हाई."

माजलगावपासून तासाभराच्या अंतरावर एका सहकारी साखर कारखान्याची वसाहत होती, आणि त्या वसाहतीत कारखान्याच्या संस्थेची शाळा. मी तिथं मराठी शिकवायला लागले तेव्हा चोवीस वर्षांची होते. सर पन्नाशीला टेकले होते. त्यांचं नाव रजिस्टरात होतं, पण परिसरात ते कुणी घेत नसे. चेअरमनसाहेबांपासून उसाच्या गाडीवानापर्यंत सगळे त्यांना 'स्वागतगीतवाले सर' म्हणायचे.

तेव्हा आमच्या भागात आठवड्याला एक तरी समारंभ असायचा. कारखान्याच्या बॉयलरचं पूजन, गव्हाणीत उसाची पहिली मोळी, दूध संघाचं शीतकेंद्र, सूतगिरणीची कोनशिला, सोसायटीचं नवं गोदाम, पतसंस्थेची शाखा. समारंभ म्हटला की पाहुणा, आणि पाहुणा म्हटला की स्वागतगीत. प्रत्येक वेळी नवं. तेच गाणं पुन्हा म्हणणं म्हणजे पाहुण्याला उष्टं वाढणं, असं सरांचं मत होतं. शब्द त्यांचे, चाल त्यांची, पेटी त्यांची. गायला आठवी-नववीच्या मुली आणि त्यांच्यामागे, उंची भरून काढायला, मी.

त्यांच्या खांद्याला कायम एक खाकी पिशवी असे. तिच्यात जुन्या लग्नपत्रिका. पत्रिकेची मागची बाजू कोरी असते, त्यावर सर गाणी लिहीत. कुणाच्या घरी लग्न झालं की उरलेल्या पत्रिका आपसूक सरांकडे यायच्या. एका बाजूला कुणाची तरी चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी, दुसऱ्या बाजूला सहकारमंत्र्यांचं स्वागत. वर्गात, एसटीत, स्टाफ मीटिंगमध्ये, पंगतीत, ते सतत लिहीत असत. लिहीत नसले की मात्रा मोजत. अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरत राही. समोरचा बोलत असला की मान हलवत, पण डोळ्यांवरून कळे की ते आपल्या वाक्यातल्या मात्रा मोजताहेत. मुख्याध्यापक एकदा त्यांच्यावर दहा मिनिटं चिडले. ऐकून झाल्यावर सर म्हणाले, "सर, तुमचं शेवटचं वाक्य पुन्ना म्हणा. लई चांगलं पडलं ते."

जेवायलाही बसत नसत. खिडकीच्या कट्ट्यावर डबा ठेवून उभ्यानं चार घास खायचे, तेही एका हातानं. दुसऱ्या हातात पेन. त्यांच्या घरी मी पहिल्यांदा गेले तेव्हा वहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, म्हणाल्या, "ताई, ह्या माणसाला मी पंचवीस वर्सं झाली वाढायलेय. पण आजपतूर समोर बसून जेवताना बगितलं न्हाई. घोड्यावर बसल्यासारका खातो."

एका फेब्रुवारीत आठ दिवसांत तीन कार्यक्रम आले. तिन्ही पाहुण्यांना सरांनी सूर्य म्हटलं. तिसऱ्या दिवशी मी म्हणाले, "सर, तीन सूर्य झाले."

ते पेटीचा भाता बंद करून गंभीरपणे म्हणाले, "बाई, आपल्याकडं सूर्याला तोटा न्हाई. ढगाचं गाणं लिवाय सांगा कुणाला तरी, मग कळंल."

बोलून ते हसले नाहीत. गमतीचं बोलल्याचं त्यांना कळायचंच नाही बहुतेक.

मी नवी होते, पुस्तकं वाचणारी होते. सरांच्या गाण्यातल्या एखाद्या ओळीवर मी अडायचे. बाकी सगळं ठराविक असायचं, पण मध्येच एक ओळ अशी यायची की पाहुण्याचा आणि तिचा काही संबंध नसे. एकदा त्यांनी लिहिलं होतं की दूध घालायला आलेल्या बायांच्या किटल्या पहाटे एकमेकींशी बोलतात. मी त्यांना विचारलं, "सर, असं तुमचं स्वतःचं का नाही लिहीत?"

"लिवायचं हाय की," ते म्हणाले. "सगळं डोक्यात हाय. सवड मिळाली की बसतो."

हे ते सगळ्यांना सांगायचे. वहिनींनाही. लग्न झालं त्या वर्षापासून.

*

मग पाऊस गेला. पहिल्या वर्षी थोडा आला, दुसऱ्या वर्षी आलाच नाही. धरणाचं पाणी मृतसाठ्याच्या खाली गेलं आणि लोक तळात चर खणून मोटारी लावू लागले. ऊस उभ्या जागी वाळला. कारखान्याचा हंगाम सुरू झालाच नाही. त्यामुळे बॉयलरचं पूजन नाही, मोळी नाही. दूध संघाच्या गाड्या निम्म्या रिकाम्या परतायला लागल्या. शीतकेंद्राला कुलूप लागलं. उद्घाटन करावं असं काही उरलं नाही.

कार्यक्रम थांबले आणि सर आजारी पडल्यासारखे झाले. ताप नाही, दुखणं नाही. पण वर्गात मुली आल्या की त्या कशाला आल्यात तेच त्यांना आठवेना. पिशवी खांद्याला तशीच, पेरांवरचा अंगठाही तसाच फिरे, पण आता मोजायला काही नव्हतं. ते फाटकाशी जाऊन उभे राहायचे. लांबून जीपचा आवाज आला की मान वर करायचे.

मार्चमधल्या एका सकाळी वसाहतीत टँकर आला. पाच दिवसांनी आला होता. बाया, म्हातारी माणसं, सगळी हंडे घेऊन धावली. मी माझी बादली घेऊन रांगेत होते. तेवढ्यात सर आले. हात मोकळे, खांद्याला पिशवी. टँकरच्या पुढ्यात उभे राहून त्यांनी एक पत्रिका काढली आणि मोठ्यानं म्हणायला लागले. टँकरचं स्वागतगीत होतं ते. यावे यावे म्हणून सुरुवात, मग त्याच्या निळ्या रंगाचं वर्णन, मग त्याच्या पोटातल्या नदीचं.

आधी दोघी-तिघी हसल्या. मग कुणी हसेना. सरांचा आवाज चढत होता. नळीच्या तोंडाशी ते उभे होते. रांगेत पहिली असलेली बाई कमरेवरचा हंडा खाली ठेवून म्हणाली, "सर, जरा बाजूला व्हा. नळी लावायची हाय."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. शाळेत तिची मुलगी सरांकडंच गाणं शिकत होती. सर बाजूला झाले. पाणी सुरू झालं, रांग पुढं सरकली. ते थोडा वेळ भिंतीला टेकून उभे राहिले, हातातल्या पत्रिकेची चार घड्यांची पट्टी केली आणि घरी निघून गेले. वहिनींनी नंतर सांगितलं की त्यांनी पिशवी खुंटीला अडकवली आणि दिवसभर तिच्याकडं पाहत बसले. बसले, हे त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या.

*

सरांचे थोरले भाऊ डोंगराकडच्या गावी कोरडवाहू शेती करायचे आणि दरवर्षी बायकोसह ऊसतोडीला जायचे. आमच्या भागात ऊस नव्हता तरी पश्चिमेला होता, टोळी गेलीच. जनावरं मागं राहिली. दोन बैल आणि एक गाय. एप्रिलच्या सुरुवातीला कारखान्याच्या यार्डात चारा छावणी उघडली. जिथं हंगामात उसाच्या गाड्यांची रांग लागायची तिथं आता दावणी बांधल्या, वर हिरव्या जाळ्या टाकल्या. छावणीचा नियम होता की जनावरामागं घरचं माणूस हजर पाहिजे. भावाचा निरोप आला, आणि गाण्याचे सर जनावरं घेऊन छावणीत राहायला गेले.

शाळा सकाळची होती, तेवढा वेळ वहिनी जनावरांपाशी थांबायच्या. साडेअकराला सुटली की सर छावणीत जायचे ते दुसऱ्या दिवशी शाळेलाच यायचे. मला वाटलं, आता हा माणूस खचणार. दुसरीकडे एक आशाही होती, ती मी त्यांना बोलूनही दाखवली. कोऱ्या वह्या विकत घेतल्या आणि छावणीत नेऊन दिल्या. "सर, आता सवड आहे. तुमचं ते लिहा."

त्यांनी वह्या घेतल्या. आठवड्यानं गेले तर वह्यांवर गायीसाठीचं मीठ ठेवलेलं होतं.

त्यांच्या शेजारच्या दावणीला एक म्हातारे धनगर होते. त्यांना सगळे आबा म्हणत. मेंढरं त्यांनी मुलांबरोबर गोदावरीकडं पाठवली होती आणि स्वतः एक म्हातारा बैल घेऊन छावणीत आले होते. बैल कामाचा राहिला नव्हता. दिवसभरात आबा पाच-सहा शब्द बोलायचे, त्यातले निम्मे बैलाशी. सर आणि आबा एका पोत्यावर शेजारी शेजारी बसलेले असायचे. जनावरं रवंथ करायची. उन्हात जाळीच्या सावल्या हलायच्या. पहिल्यांदा मी ते पाहिलं तेव्हा मला भीतीच वाटली. सरांचा अंगठा हलत नव्हता.

"सर, बरं आहे ना?"

"बरं हाय की. बसा बाई." पोत्याचा कोपरा त्यांनी झटकला. मग आपणहून सांगायला लागले. "पयले धा दिवस मी ह्यांची रवंथ मोजायचो. एका घासाला पंचावन, कदी साठ. पांढऱ्याचा ठेका सारका असतोय, तांबडा मदीच थांबतोय. त्याच्यावर काय बसवता यील का म्हणून बगत व्हतो. मग एक दिवस दुपारी ध्यानात आलं, सकाळधरनं मोजलंच न्हाई. मोजायचं राहून गेलं."

"मग?"

"मग काय न्हाई. रवंथ चालूच व्हती."

आबा हसले. त्यांना हसताना मी एवढंच एकदा पाहिलं.

वहिनी दुपारचा डबा घेऊन यायच्या. सर मांडी घालून बसायचे आणि भाकरीचा एकेक तुकडा मोडून खायचे. वहिनी समोर बसून बघायच्या. एकदा त्या मला म्हणाल्या, "ताई, लोकांच्या घरात पानी न्हाई, चारा न्हाई. माझ्या जावंला कोयता घिऊन परमुलखात जावं लागलं. आन मला हितं सुख वाटायलंय. देव मला काय म्हनंल?" त्यांनी पदर तोंडाला लावला होता. हसत होत्या की रडत होत्या, मला कळलं नाही.

*

मेच्या मध्याला बातमी आली की मुंबईहून एक मोठे पुढारी छावणी बघायला येणार. चेअरमनसाहेबांचा माणूस मोटारसायकलवर सरांकडं आला. "सर, साहेबांनी सांगितलंय. झकास गाणं पायजे."

सर म्हणाले, "छावणीचं गाणं?"

"छावणीचं कशाला? पाव्हण्याचं."

तो गेल्यावर दावणीदावणीतून माणसं जमली. छावणी महिनाअखेर बंद होणार अशी आवई होती. चाराही कमी येत होता. एक जण म्हणाला, "सर, करा बरं का गाणं. पाव्हना खूश झाला तर अजून महिनाभर चालंल छावणी."

दुसरा म्हणाला, "तुमच्यासाठी घटकाभराचं काम हाय. आमच्या जित्राबांचा जीव हाय त्याच्यावर."

सरांनी मान डोलावली. ते नाटक करत नव्हते, हे मी शपथेवर सांगते, कारण त्या चार दिवसांत मी रोज गेले. ते वही पुढ्यात घेऊन बसत. पहिली ओळ लिहीत, खोडत. आयुष्यभर ज्या माणसानं बसच्या दोन थांब्यांमध्ये गाणं केलं, त्याला चार दिवसांत कडवं येईना. आणि मला जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट म्हणजे त्यांना त्याचं दुःख होत नव्हतं.

"येत न्हाई बाई," ते म्हणाले. "हाक मारली तर पयलं पळत यायचं. आता हाक मारतो आन तसाच बसतो."

"पण लोकांचं काय, सर?" मी चिडले होते. "तुम्हाला शांत वाटतंय म्हणून यांचा चारा जाऊ द्यायचा?"

ते उठून घरी गेले, खुंटीवरची खाकी पिशवी घेऊन आले आणि माझ्या मांडीवर ठेवली. "जुनं कुटलंबी घ्या. नाव तेवढं बदला. तुमाला जमंल. चाल पोरींना पाठ हाय."

उष्टं वाढायचं नाही म्हणणारा माणूस ते मला सांगत होता. मी पिशवीतून चार वर्षांपूर्वीचं एक गाणं काढलं, नाव बदललं, एक मात्रा जास्त होत होती ती ओढून बसवली, आणि सुट्टीतल्या मुलींना गोळा करून सराव घेतला.

पाहुणे दुपारी बाराला येणार होते, ते दोन वाजता आले. मुली उन्हात उभ्या होत्या. पेटी मी वाजवली, मला जेमतेम यायची. सर दिसत नव्हते. माझी नजर सारखी त्यांना शोधत होती. आम्ही धृपद म्हणून पहिल्या कडव्यावर आलो तोच पाहुण्यांनी घड्याळ बघितलं, हात जोडले आणि पहिल्या दावणीकडं चालायला लागले. मुली म्हणत राहिल्या. एका गायीच्या पाठीवर हात ठेवून त्यांचा फोटो काढला गेला. दहा मिनिटांत गाड्या निघाल्या. धूळ खाली बसली तरी मुलींना थांबायला सांगायचं मला सुचलं नव्हतं.

मी तशीच मागच्या दावणीकडं गेले. सरांना काय बोलायचं ते वाक्य वाटेत जुळवत होते.

आबांचा बैल पडला होता. सकाळीच बसला तो उठलाच नव्हता. त्याची मान आबांच्या मांडीवर होती. सर ओलं पोतं घेऊन त्याच्या कपाळावर धरून बसले होते. पोत्यातलं पाणी सुकलं की शेजारच्या बादलीतल्या तळाच्या पाण्यात ते पुन्हा बुडवायचे. मी पण तिथंच बसले. तासाभरानं बैलानं एक लांब श्वास सोडला, मागचा पाय ताणला आणि संपला. आबांनी त्याच्या डोळ्यांवरच्या माश्या हाकलल्या, परत बसल्या, परत हाकलल्या. मग म्हणाले, "अठरा वर्सं." एवढंच.

सरांनी आबांच्या पाठीवर हात ठेवला आणि तसाच ठेवला.

संध्याकाळी ट्रॅक्टर येऊन बैल घेऊन गेला. सर तांब्याभर पाण्यात हात धूत होते. मला म्हणाले, "पोरींचं ऐकू येत व्हतं हितं. दुसऱ्या ओळीला तुमी मात्रा ओढली. बरोबर केलं."

"पाहुण्यांनी गाणं पुरतं ऐकलंही नाही."

"व्हय. न्हाईच ऐकत. कदीच न्हाई ऐकलं कुणी." ते हे सहज म्हणाले, जणू त्यांना आधीपासून माहीत होतं. मग खाली बघून, हात पुसत बोलले. "बाई, एक सांगतो, कुणापाशी बोलू नका. पयलं असतं तर आज मी आबासाठी गाणं केलं असतं. बैलावर. लई चांगलं झालं असतं ते. पण मला सुचलंच न्हाई. नुस्तं बसावं वाटलं. आन बसता आलं." त्यांनी तांब्या उपडा ठेवला. "सगळ्या मुलकाचं वाटोळं झालंय, आन मला उभ्या जल्मात असं निवांत वाटलं न्हाई. ह्याची लाज वाटती. रोज वाटती. पण लाज वाटली तरी ते जात न्हाई."

मी वाटेत जुळवलेलं वाक्य कधीच विसरले होते.

छावणी त्या भेटीमुळं वाढली नाही आणि बंदही झाली नाही. वरून कुठलासा आदेश आला आणि ती जूनअखेरपर्यंत चालली. आबा मात्र दुसऱ्या दिवशीच निघून गेले. राहायला त्यांच्याकडं कारण नव्हतं. जाताना त्यांनी आपलं पोतं सरांना दिलं.

*

पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला. कारखान्याची धुराडी पेटणार म्हणून चेअरमनसाहेबांनी सरांना बंगल्यावर बोलावलं. मलाही बोलावलं होतं, मुलींच्या तयारीसाठी. साहेब खुशीत होते. "सर, दोन वर्सं सुनी गेली. यंदा असं गाणं करा की पार बीडपतूर ऐकू गेलं पायजे."

"साहेब, यंदा न्हाई व्हायचं."

"कावून?"

"येत न्हाई आता."

साहेब मोठ्यानं हसले. त्यांना वाटलं सर भाव खाताहेत. त्यांनी चहा मागवला, जुनी गाणी आठवली, सरांच्या खांद्यावर हात टाकला. सरांनी चहा घेतला, बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "साहेब, तुमी मला लई मान दिला. पण खोटं कशाला बोलू? न्हाई येत."

साहेबांचं हसू हळूहळू गेलं. ते रागावले नाहीत. पण त्यानंतर त्यांनी सरांकडं पाहिलं नाही, माझ्याकडं वळून म्हणाले, "मॅडम, मग तुमी करा."

त्यानंतरच्या जूनमध्ये सरांची बदली संस्थेच्या पाटोद्याकडच्या शाखेत झाली. डोंगरातलं गाव, पत्र्याच्या तीन खोल्यांची शाळा. ती शिक्षा होती की सोय होती, कुणालाच नक्की कळलं नाही, कारण सरांचं मूळ गाव तिथून जवळ होतं. वसाहतीतल्या लोकांनी मात्र शिक्षाच धरली आणि चार दिवस हळहळले. सरांनी सामान भरलं, मुलींना वर्गात जाऊन सांगितलं, "आता बाई शिकवतील." खाकी पिशवी माझ्याकडंच होती. मी परत द्यायला गेले तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. तुमाला लागंल."

आणि लागली. पहिलं गाणं मी नाइलाजानं केलं. दुसरं लोकांनी नावाजलं. पाचव्या-सहाव्यापासून मला ते आवडायला लागलं. कार्यक्रम पुन्हा सुरू झाले होते, पूर्वीपेक्षा जास्त. मधल्या वर्षांत माझं लग्न झालं, मूल झालं. शाळा, घर, मुलाचा अभ्यास आणि आठवड्याला एक गाणं. कुठल्याशा सभेत नव्या अधिकाऱ्याचं नाव पुकारलं तेव्हा माझा अंगठा पेरांवर फिरताना मला दिसला. मी हात पदराखाली घेतला, पण मोजणं सुरूच राहिलं.

सर गेले ते मला दोन दिवस उशिरा कळलं. झोपेतच गेले, असं वहिनींनी फोनवर सांगितलं. त्यामुळं माझी आणि त्यांची शेवटची भेट म्हणजे त्याच्या आधीच्या वर्षीची, आश्विनातली. चेअरमनसाहेबांची एकसष्टी होती आणि त्याचं गाणं माझ्याकडं होतं. तिसऱ्या कडव्यावर मी अडले होते. दहा दिवस झोप नव्हती. शेवटी सकाळी उठून एसटीनं पाटोद्याला गेले आणि तिथून जीपनं त्यांच्या गावी. जीपवाल्याला सांगितलं, अर्ध्या तासात परत निघायचंय. तो म्हणाला, "बाई, माझी दिवसातली एकच फेरी हाय. मागारी जाताना हाक मारीन, तवा यायचं."

सर निवृत्त झाले होते. दोन खोल्यांचं घर, पुढं ओटा, ओट्यावर सीताफळांची पाटी. वहिनींचे केस सगळे पांढरे झाले होते. "या ताई," म्हणत त्यांनी माझा हात धरला. सर बारीक झाले होते. मी बसायच्या आधीच पर्समधून कागद काढला आणि भराभर सांगायला लागले, कुठं अडलंय, कुठं यमक तुटतंय, साहेबांच्या आडनावाची कशी पंचाईत होतेय.

त्यांनी कागद घेतला, चष्मा लावला, सगळं वाचलं. मी त्यांच्या अंगठ्याकडं बघत होते. तो कागदाच्या कडेवर निवांत पडला होता.

"चांगलं हाय," ते म्हणाले.

"सर, तिसरं कडवं—"

"चांगलं हाय बाई. बसा."

"तुम्ही काहीतरी सांगा. मी त्यासाठी एवढी आले."

त्यांनी कागदाची घडी घालून माझ्या पर्सवर ठेवली. पाटीतलं एक पिकलेलं सीताफळ निवडून दोन्ही हातांनी उकललं आणि अर्धं मला दिलं. "खा. झाडाचं हाय, मागच्या. पाऊस नसला तरी यिऊ लागतंय हे झाड."

सीताफळ घाईत खाता येत नाही. एकेक पाकळी तोंडात घोळवायची, बी वेगळी काढायची. दोन्ही हात चिकट झाले. कागद धरता येईना, पर्स उघडता येईना. सर त्यांचं अर्धं खात होते. वहिनी खाली बसून बिया एका ताटलीत गोळा करत होत्या. समोर डोंगराचा उतार, त्यावर बाजरीची कापलेली रानं, लांब कुणाची तरी शेरडं. पहिल्या पाच-सहा पाकळ्यांपर्यंत मी मनात तिसरं कडवं म्हणत होते. मग ते बंद पडलं. कधी पडलं ते कळलं नाही.

रस्त्यावर जीप थांबली. जीपवाल्यानं हॉर्न दिला. एकदा, थांबून दुसऱ्यांदा. मग मान बाहेर काढून ओरडला, "अवो बाई, चला की! नंतर गाडी न्हाई, सांगितलंय मी."

सर थांबा म्हणाले नाहीत, जा म्हणाले नाहीत. माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. घरी मुलाची परीक्षा होती, परवा कार्यक्रम होता, तालमीला मुली थांबणार होत्या. मी उठायला हवं होतं.

"जा तुम्ही," मी ओट्यावरूनच जीपवाल्याला म्हणाले. "मी उद्या येते."

तो कपाळाला हात लावून निघून गेला. वहिनींनी बियांची ताटली बाजूला सारली आणि पाटीतलं दुसरं सीताफळ उचलून दाबून बघितलं.